मारुंजीकडे तोंड करून लावलेली जीप

जीपच्या टपाला भोक पाडायचं म्हटलं की हात थांबतोच. पत्रा आपला, ड्रिल आपलं, तरी थांबतो. मी टपावर मांडी घालून बसलो होतो आणि शेजारचा मोटर रिवाइंडिंगवाला खाली उभा राहून वर बघत होता. दसऱ्याचा दिवस. चाकणजवळच्या निघोज्यात दुकानांची शटरं अर्धी वर, आत धूप, बाहेर धुऊन पुसून ठेवलेल्या गाड्या.

"पाड की मेल्या," तो म्हणाला. हा माणूस देवगडकडचा. इकडे येऊन अर्धं आयुष्य गेलं, पण तोंड अजून तिकडचंच. "नायतर खाली उतर आणि वहिनीक फोन लाव. खिशात फोन असा ना तुझ्या?"

"फोन लावणार न्हाई म्हणून सांगितलंय एकदा," मी म्हणालो आणि ड्रिलचं बटण दाबलं.

आता हे भोक कशासाठी, ते सांगितलं पाहिजे.

मी मूळचा माणदेशातला. चौथी झाली आणि माझी शाळा संपली. त्याचं मला काही वाटत नाही. चाकणला कंपन्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी ट्रेलरवर होतो, पुढे पायलट जीपवर आलो. पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. कंपनीचं अजस्र प्रेस मशीन ट्रेलरवर चढवलं की माल रस्त्यापेक्षा रुंद होतो. त्याच्यापुढे एक जीप चालते, टपावर पिवळा दिवा, दोन्ही बाजूंना लाल झेंडे. पुढे वायर किती खाली लोंबते, पुलाखालून माल निघेल का, रिक्षा कुठून घुसते, हे जीपवाल्यानं मागच्या ड्रायव्हरला सांगायचं. त्यासाठी ठेकेदारानं रेडिओचे सेट घेतले होते. सीबी सेट म्हणायचे त्यांना. बोलायला एक माइक, त्यावर एक बटण, आणि गाडीवर माणसापेक्षा उंच काडी, म्हणजे अँटेना. आम्हाला नावानं कुणी हाक मारत नसे. मी 'पुढची', ट्रेलर 'मागची'.

पुढे ठेकेदारानं हातात मावणारे छोटे सेट आणले आणि हे अडगळीत टाकले. मी त्यातले दोन मागून घेतले. एक जीपमध्येच राहिला. दुसरा घरी नेऊन भांड्यांच्या फळीवर ठेवला, घरच्या लाइटीवर चालावा म्हणून त्याला करंटचा डबा जोडला आणि घराच्या पत्र्यावर तारेची अँटेना ताणली. ठेकेदार हसला. म्हणाला, "घरी कुणाला पायलट करणार, राव?"

हसू दे. तळेगावकडून माल घेऊन येताना खालुंब्रं मागे पडलं की मी बटण दाबायचो.

"घर, घर. पुढची बोलतेय."

"बोला पुढची," ही म्हणायची. "किती वेळ लागंल?"

"मागं सत्तर टन हाय. वेळ त्याला विचार."

"त्याला काय विचारू? भाकरी तो खाणाराय का?"

मागचा ड्रायव्हर हे सगळं ऐकत असायचा. तो मध्येच तोंड घालायचा, "वहिनी, आमच्या बी दोन टाका." आणि ती खरंच टाकायची.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, आमच्याही आले. पण फोनवर ही वेगळीच बोलायची. मोठ्यानं, घाईनं, पलीकडचा माणूस पळून जाणार असल्यासारखी. सेटवर तिचा आवाज सावकाश यायचा, थोडा खरखरीत, आणि दोन वाक्यांच्या मध्ये तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. घरात इतकी वर्षं शेजारी बसून मी तो श्वास कधी ऐकला नव्हता.

काम सुटलं, जीप दारात उभी राहिली. पोरगा शिकला, आयटीत लागला आणि मारुंजीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिला. सुनेचे दिवस भरत आले. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ही तिकडे गेली. जायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नात झाली. फोनवर कळवलं, तेही ठीक. दवाखाना सोडून कोण सांगायला येणार?

पण बारसं?

आमच्याकडे बारशाला दारात येऊन बोलावतात. येतात, टेकतात, पाणी पितात, मग तोंडानं सांगतात. भावकीत डोकी फुटली असली तरी त्या घरी माणूस जातो. आणि माझ्या पोरानं फोन केला.

"बाबा, रविवारी बारसं ठेवलंय. लोकेशन पाठवतो."

"लोकेशन? मी काय पार्सल हाय व्हय?"

"बाबा, आपल्याच घरचं कार्य आहे. घरच्या माणसाला कसलं आमंत्रण?"

"घरचा हाय तर मला इचारून दिवस धरला का?"

तो मग म्हणाला, "बघा, तुम्हाला यायचं असेल तर गाडी बुक करतो."

"फोनवरचं आमंत्रण मी घेत न्हाई. आन् आजपासून फोनवर बोलणार बी न्हाई. ज्याला बोलायचंय त्यानं यावं."

माझं आजही तेच म्हणणं आहे. बोललो की बोललो. बारशाला गेलो नाही.

बारशाच्या आधी ही पोराबरोबर पाळणा न्यायला येऊन गेली. मी तेव्हा चाकणच्या बाजारात होतो. परत येऊन पाहतो तर माळ्यावरचा पाळणा नाही आणि फळीवरचा सेटही नाही. धुळीत त्याचा चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता. करंटचा डबा नेला, पत्र्यावरची तारही खुंट्यांसकट काढून नेली. तार पोरानंच शिडी लावून काढली असणार. आईनं सांगितलं म्हणून, कशाला ते न विचारता.

आधी मला राग आला. पाळणा न्या, भांडी न्या, सेटवर कशाला डोळा? मग चहा ठेवला, तिथेच उभा राहिलो, आणि चहा उतू गेला तरी हललो नाही. मारुंजीत तिला सेट कशाला लागेल? सेटवर बोलायला तिकडे दुसरा कोण आहे? तिला ओळखणारा दुसरा सेट साऱ्या मुलखात एकच. माझ्या जीपमधला.

तिनं फोन केला नाही असं नाही. रोज चारच्या सुमाराला, बाळ झोपत असावं तेव्हा, तिचा फोन यायचा. मी उचलायचो नाही. पण वाजून बंद होईपर्यंत तो हातात धरून बसायचो. वाजताना तो थरथरतो. तेवढं हाताला कळायचं.

तर म्हणून ते भोक.

जीपवरची जुनी काडी शेवटच्या खेपेत आंब्याच्या फांदीत अडकून मोडली होती आणि तिचं बूड गंजून गेलं होतं. चिखलीच्या भंगारात हिंडून मी दुसरी काडी, स्प्रिंगचं बूड आणि बऱ्यापैकी केबल मिळवली. बूड खरं तर टपाच्या मधोमध पाहिजे. भोवती चारी बाजूंना पत्रा राहतो आणि रेडिओची लहर सगळीकडे सारखी जाते. पण माझ्या टपाच्या मध्ये कॅरिअर आहे. म्हणून मी मागच्या डाव्या कोपऱ्यावर भोक पाडलं. भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, कारण रंगावर अर्थिंग मिळत नाही. वॉशर बसवला, नट आवळला, केबल दाराच्या रबरातून आत घेतली.

कोपऱ्यावर काडी बसवली की लहर एका बाजूला जास्त जाते. काडीपासून पत्रा जिकडे लांब पसरलेला असेल, तिकडे. म्हणजे माझ्या जीपच्या नाकाकडे, जरा उजवीकडे. मग मी जीप चालू केली, मागेपुढे केली आणि नाक मारुंजीकडे करून लावली. नदी ओलांडून तळवडं, पलीकडे देहूरोड, रावेत, आणि मग ती.

"दक्षिणेक तोंड करून कोण गाडी लावता?" रिवाइंडिंगवाला म्हणाला. "तां पण दसऱ्याक?"

"ज्याची बायको तिकडं हाय, तो."

तो दुकानात गेला आणि झेंडूची माळ घेऊन आला. "आधी पूजा, मगे काम. नवीन हत्यार असा."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आपण हत्यार हातात घेतो ते त्याच्या पाया पडून. मी काडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि त्यानं ती माळ वरपासून खालपर्यंत काडीला गुंडाळली. माळ दोऱ्यात ओवलेली नव्हती. त्याच्या दुकानात दोरा कुठून येणार? मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार हाताशी, तिच्यातच तो दरवर्षी सगळ्या आळीच्या माळा ओवतो. चांगल्या टिकतात.

मग मी मीटर जोडला. त्याचं काम सोपं आहे. सेटमधून लहर काडीकडे जाते. काडीची लांबी बरोबर असली की ती बाहेर पडते. नसली की मागे फिरते आणि सेटलाच तापवते. मागे किती फिरते ते काटा दाखवतो. एकाच्या जवळ असला तर उत्तम, तिनाच्या वर गेला तर बटण सोडायचं.

"म्हणजे तुझ्यासारखाच झाला," तो म्हणाला. "भायर जाऊक मिळाला नाय की घरातच चटके."

"गप बस. काटा बघू दे."

काटा वर होता. वरच्या चॅनेलवर जास्तच वर, म्हणजे काडी लांब होती. मी काडी दोन बोटं कापली, बघितलं. आणखी एक बोट कापलं. काटा उतरला. शेवटचं कानसीनं घासत घासत आणलं तेव्हा तो एकावर येऊन बसला तो हलेना. इतकं नीट माझं ठेकेदाराकडे असतानाही कधी जमलं नव्हतं. मीटर काढून डब्यात ठेवला. एकदा बसवलेलं मी पुन्हा तपासत नाही.

चार वाजले. फोन वाजायच्या आत मी माइक हातात घेतला.

"घर, घर. पुढची बोलतेय."

नुसती खरखर. आणखी दोनदा बोललो आणि सेट बंद केला. सणाचा दिवस, पाहुणेरावळे असतील. आणि तीनदा हाक मारली, यापेक्षा जास्त कुणी मारावी?

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता खरखरसुद्धा मेल्यासारखी येत होती. पूर्वी कुठल्या कुठल्या मुलखातली हिंदी मध्येच ऐकू येऊन जायची, तीही नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा फोन थांबला. दसऱ्यापासून चार वाजायचे आणि खिशात काही थरथरायचं नाही.

सेट नेला म्हणून मी काय काय मनात बांधलं होतं. आता वाटलं, खेळणं म्हणून नेला असेल. तार कपडे वाळवायला नेली असेल. शेवटी ती तिकडचीच झाली, पोराची, नातीची. अकराव्या मजल्यावर लिफ्टनं जाऊन बसलेल्या बाईला खालची जीप कशाला आठवेल? असं वाटायचं आणि तरी चार वाजता मी जीपमध्ये जाऊन बसायचो. कंपनीच्या बसेस पहिल्या शिफ्टची माणसं घेऊन समोरून जायच्या. कुणी ओळखीचा हात करायचा, "काका, कुठं निघालात?" मी म्हणायचो, "निघतोय." काच वर, माइक मांडीवर, नाक मारुंजीकडे. जीप जागची हलायची नाही.

माळ दुसऱ्याच दिवशी वाळून सैल झाली आणि घसरत खाली बुडाशी गोळा होऊन बसली. ते मला दिसत होतं. पण दसऱ्याची माळ आपण हातानं काढून टाकत नाही. नवी चढते तेव्हा जुनी उतरते.

दिवाळी आली. पोरानं फराळ पाठवला, तोही डिलिव्हरीवाल्याच्या हातून. आमंत्रण असतं तर परत पाठवलं असतं. पण चकली तोंडात टाकल्याबरोबर कळलं की हिच्या हातची आहे. डबा ठेवून घेतला.

पाडव्याच्या सकाळी रिवाइंडिंगवाला त्याच्या बायकोकडून ओवाळून घेऊन, कपाळाला टिळा लावून आला. हातात नवी माळ. त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं. टपावर चढला, जुनी माळ ओढली. ती सुटेना.

"ह्यां काय जळला हा?"

मी वर चढलो. फुलांच्या खालून तांब्याची तार उघडी पडली होती. तिचं एक टोक काडीच्या बुडाला चिकटलेलं आणि दुसरं मीच रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर टेकलेलं. तिथे काळा डाग पडला होता. काडी आणि टप एक झाले होते. लहर बाहेर पडतच नव्हती, आणि बाहेरची आत येत नव्हती. इतके दिवस मी पत्र्याशी बोलत होतो.

"तुझी तार!" मी म्हणालो.

"माझी तार अस्सल तांब्याची असा! तुका कोणी सांगितलेलां पत्रो खरवडूक?"

"अर्थिंगला खरवडावाच लागतो!"

"मगे माळही घालूचीच लागता!"

यात चूक कुणाचीच निघेना, तेव्हा आम्ही दोघंही खाली उतरलो. मीटर पुन्हा जोडला. काटा गेला वर. आता खालच्या चॅनेलवर जास्त, म्हणजे काडी आखूड होती. दसऱ्याला मी काडी नव्हे, माळेसकट काडी मापात आणली होती. तांब्याच्या तारेचं अंगही त्या मापात धरलं गेलं होतं. कापलेली बोटं आता कुठून आणायची?

त्यानंच सायकलचा एक जुना स्पोक आणला. मी काडीच्या टोकाला तो पितळेनं जोडला, थोडा जास्तच लांब ठेवला आणि कानसीनं घासत खाली आणला. एकदा बटण दाबायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. दुपार त्यातच गेली. काटा एकावर नाही बसला, दीडवर थांबला. मी म्हटलं, चालेल. नवी माळ आम्ही बॉनेटला घातली.

मग तो म्हणाला, "मी जातंय. तुझा तू बोल," आणि खरंच शटर खाली ओढून घरी गेला.

आज आवाज नाही आला, तर बहाणा उरत नव्हता. यंत्र ठीक होतं. उरला होता फक्त पलीकडचा माणूस. मी माइक हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"घर, घर. पुढची बोलतेय."

खरखर आली, पण जिवंत. कुठला तरी दूरचा ड्रायव्हर हिंदीत डिझेलबद्दल बोलत होता, तो आला आणि विरला. मग टक् असा आवाज झाला.

"तीनदा हाक मारायची आन् बंद करायचं, ही कुठली रीत?"

मी माइक तोंडाशी ओढला.

"तू हायस?"

"मी इथंच हाय. दसऱ्याला दारात पाहुण्यांना आपट्याची पानं देत हुते, तेवढ्यात तुमचा आवाज आला. पानं टाकून पळत आले, तवर तुम्ही गप. तवापासून रोज हाका मारतीय."

"मग फोन का बंद केलास?"

"तुम्ही सेटवर आलात म्हणल्यावर फोन कशाला? तुम्ही तो उचलता थोडंच. चार वाजले की गॅलरीत बसते. सून म्हणती, आई, तुमच्या रेडिओवर गाणी का नाही लागत?"

"तार कुठं लावलीस?"

"कपड्याच्या दांडीला. वॉचमनला सांगितलंय, साड्या वाळवायच्यात." ती थांबली. श्वास ऐकू आला. "तुमचं काय झालं हुतं एवढे दिस?"

"माळेनं शॉर्ट झालं हुतं."

"काडीला माळ घातली?"

"दसरा हुता."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, गुडघा कसा आहे. ती म्हणाली, लिफ्ट आहे, बरा आहे. तिनं विचारलं, चकल्या कडक झाल्या होत्या का. मी म्हटलं, नाही.

मग ती म्हणाली, "नाव सांगू का पोरीचं?"

नातीचं नाव मला ठाऊक नव्हतं. विचारणार कुणाला? इतके दिवस मनातल्या मनात मी तिला नुसतं 'ती' म्हणत होतो.

"नको," मी म्हणालो. "सांगायचं ते पोराला दारात येऊन सांगू दे."

तिकडे ती हसली. वैतागून हसते तशी. "ऱ्हाऊ द्या मग नाव. ती आत्ता उठलीय. तिचं ऐका."

या सेटवर एका वेळी एकालाच बोलता येतं. इकडे बटण दाबलं की तिकडचं ऐकू येणं बंद. तिनं माइक पोरीच्या तोंडापाशी धरला असावा. आधी काहीच नाही, मग कापड घासल्याचा आवाज, मग एक बारीक हुंकार. रडणं नव्हे, बोलणंही नव्हे. पुन्हा एक. मला खूप काही म्हणायचं होतं. अंगठा बटणावर होता. दाबलं असतं तर तो आवाज तुटला असता, म्हणून मी अंगठा उचलून धरला आणि तसाच बसून राहिलो. समोरून कंपनीची बस गेली, तिच्या भोंग्यात थोडा आवाज बुडाला, पुन्हा वर आला.

बराच वेळ झाला असावा. पोरगी गप्प झाली आणि लांबून हिचा आवाज आला, "बोला की. आवं? गेले वाटतं."

मी घाईनं बटण दाबलं.

"न्हाई, न्हाई. हाय मी. धर तसाच."